साक्षीदार होडीतच आहेत

आरोंद्याचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि गोव्याचा पेडणे तालुका सुरू होतो. पुलाखालून वाहणाऱ्या तेरेखोलच्या पाण्याला ही हद्द ठाऊक नाही. खाडीच्या मुखापलीकडे अरबी समुद्रात हिंडणाऱ्या माशांना ती ठाऊक असण्याचे तर कारणच नाही. तरीही या माशांपैकी काहींचे भवितव्य माणसांच्या कागदांवर ठरत असते. अशा कागदांत व्हेल शार्कचे नाव अग्रभागी आहे. अठरा मीटरपर्यंत वाढू शकणारा आणि तरीही पाणी गाळून सूक्ष्म जीवांवर उपजीविका करणारा हा मासा जगातील सर्वांत मोठा मासा होय. मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. भारतात कायद्याचे असे संरक्षण मिळालेला तो पहिला मासा. त्याची शिकार करणाऱ्यास आज तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

कायदा इतका कडक असला, तरी सिंधुदुर्गच्या समुद्रात हा मासा कोणत्या महिन्यात येतो, किती खोलीवर असतो आणि कोणत्या जाळ्यात सापडतो, या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात नाहीत. ती देऊ शकणारी माणसे रोज समुद्रात असतात. रापण ओढणारे, गिलनेट टाकणारे, ट्रॉलरवरचे खलाशी हे त्यांतले जुने. मालवण, तारकर्ली, देवबाग येथे पर्यटकांना पाण्याखाली उतरविणारे, त्यांना डॉल्फिन दाखवावयास किंवा गळाने मासे धरावयास नेणारे होडीवाले हे त्यांतले नवे. संरक्षित माशांविषयी या सर्वांची पद्धतशीर पाहणी करावी, हा विचार म्हणूनच रास्त आहे. प्रश्न एवढाच की ती कशी करावी.

न विचारता निर्णय घेतल्याचे परिणाम या किनाऱ्याने भोगले आहेत. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरच्या त्या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांना आपली वहिवाट जाणार असे वाटले, आणि तेव्हापासूनचा विरोध पुढे कित्येक वर्षे शमला नाही. देशपातळीवरही असाच प्रकार घडला. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने शार्क, पाकट आणि त्यांच्या सर्व भाईबंदांना एकाच अधिसूचनेने संरक्षण देऊन टाकले. ज्यांच्या रोजच्या टोपलीत मोरी आणि पाकट असते, त्यांच्यावर एका रात्रीत गुन्हेगार ठरण्याची पाळी आली. साहजिकच किनाऱ्याकिनाऱ्यावर निषेध झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती यादी दहा जातींवर आणावी लागली. आधी विचारले असते तर संरक्षणाची खरी गरज असलेल्या जाती पहिल्याच दिवशी निवडता आल्या असत्या, आणि सरकारच्या शब्दाचे वजनही घटले नसते.

होडीवाले खरे कशावरून सांगतील, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्याला ‘आमच्याकडे मोठा मासा दिसतो’ असे सांगण्यात लाभ आहे. उलट ज्याच्या जाळ्यात तो मासा अडकून मेला, त्याला मौन पाळण्यात सुरक्षितता वाटते. एक वाढवून सांगणार, दुसरा लपवून ठेवणार. परंतु न्यायालयातही साक्षीदाराचा हितसंबंध असतो म्हणून साक्षच घ्यायची नाही, असे कोणी म्हणत नाही. ती दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहिली जाते.

अमेरिकेतील फ्लोरिडाचे उदाहरण येथे उपयोगी पडावे. आपल्या गोब्र्याचा अजस्र भाईबंद शोभावा अशा गोलिएथ ग्रूपर या माशाच्या मासेमारीवर तेथे १९९० साली संपूर्ण बंदी आली. संख्या हळूहळू सावरू लागली तशी दोन मते पुढे आली. गळाने मासे धरणाऱ्यांची तक्रार अशी की, गळाला लागलेला मासा हा राक्षस वरच्यावर गिळतो. पाणबुड्यांना नेणारे म्हणू लागले की, जिवंत ग्रूपर पाहण्यासाठी तर लोक पैसे मोजतात. दोघेही आपापल्या अनुभवापुरते खरेच बोलत होते. अभ्यासकांनी दोन्ही बाजूंना विचारले, सभा झाल्या, वाद झाले, आणि २०२३ पासून वर्षाला जास्तीत जास्त दोनशे, तेही ठराविक लांबीचे, मासे सोडतीने दिलेल्या परवान्यावर धरण्यास मुभा मिळाली. हा निर्णय सर्वांना पटला असे नाही. पण कोणाचे म्हणणे काय आणि ते का, हे निर्णयापूर्वी उघड झालेले होते.

आपल्याकडील पाहणीत पहिली अडचण नावाचीच येईल. ‘देवमासा’ हा शब्द कोणी व्हेलसाठी वापरतो, कोणी व्हेल शार्कसाठी. पहिला सस्तन प्राणी, दुसरा मासा. ‘देवमासा पाहिला का?’ असा प्रश्न छापून पाठविला तर दोन प्राण्यांची बेरीज एकाच रकान्यात होईल. त्यापेक्षा चित्रे पुढे ठेवून, मालवणीतून विचारावे. किती वेळा पाहिला याबरोबरच वर्षात किती दिवस समुद्रात होता, हेही विचारावे. कारण शंभर फेऱ्यांत एकदा दिसणे आणि दहा फेऱ्यांत एकदा दिसणे यांत दहापटीचा फरक आहे. न दिसल्याची नोंददेखील नोंदच असते. पाण्याखाली उतरणाऱ्यांनी छायाचित्रे जपावीत. व्हेल शार्कच्या कल्ल्यामागील ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे पाच होड्यांना दिसलेला मासा एकच होता की पाच होते, हे त्यावरून ठरविता येते.

दुसरी अडचण भीतीची. खरे उत्तर दिल्यास खटला उभा राहणार असेल तर खरे उत्तर मिळणार नाही, हे सांगावयास नको. पाहणीत नाव आणि होडीचा क्रमांक नोंदवू नये, आणि माहितीचा उपयोग कारवाईसाठी होणार नाही असे लेखी आश्वासन आधीच द्यावे. या दृष्टीने महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये उचललेले पाऊल शहाणपणाचे होते. संरक्षित प्राण्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना तेव्हा सुरू झाली, आणि त्यासाठी सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत पुरावा म्हणून मागितली जाते. जी गोष्ट पूर्वी लपविली जाई, ती आता पुराव्यासह पुढे येऊ लागली. असा प्रत्येक अर्ज म्हणजे पाहणीतील एक उत्तरच आहे, आणि होडीवाल्यांच्या साक्षी ताडून पाहण्याचे साधनही.

गुजरातचा अनुभव याहून बोलका आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकेकाळी यकृताच्या तेलासाठी आणि परदेशी जाणाऱ्या मांसासाठी या माशाची कत्तल होत असे. २००४ साली तेथे मोहीम सुरू झाली. मोरारी बापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली, आणि ज्यांनी हा मासा मारला होता त्याच समाजांनी जाळी कापून तो सोडावयास आरंभ केला. आजवर नऊशेहून अधिक मासे असे सुटले आहेत. कायदा तेथेही २००१ पासूनच होता. मच्छिमार कामाला लागले ते त्यांना विश्वासात घेतल्यानंतर.

सिंधुदुर्गात हे काम मोठ्या खर्चाचे नाही. पावसाळी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, पर्यटनही थंडावलेले असते. अशा वेळी माणसे निवांत बोलतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थी त्यांच्याच गावचे, बहुधा त्यांच्याच घरातले असतात. शिक्षकांनी त्यांना नीट तयार करून पाठविले, तर परक्या अधिकाऱ्याला जे कळणार नाही ते त्यांना कळेल. मात्र एक पथ्य पाळावयास हवे. आलेली उत्तरे राजधानीतील कपाटात न जाता त्याच वर्षी मच्छिमार सोसायटीच्या सभेत आणि होडीवाल्यांच्या बैठकीत वाचून दाखविली गेली पाहिजेत. एकदा विचारून पुन्हा तोंड न दाखविणाऱ्याला दुसऱ्या वर्षी कोणी उत्तर देत नाही.

आणि ही पाहणी तेरेखोलच्या एकाच काठावर थांबता कामा नये. पलीकडच्या गोव्यातही पाण्याखाली पर्यटक नेणारे आहेत, ट्रॉलर आहेत, रापणकार आहेत. महाराष्ट्राची भरपाई महाराष्ट्राच्या होड्यांपुरती, आणि दोन्ही राज्यांची दफ्तरे आपापल्या हद्दीत. दोन्ही काठांवर एकच चित्रांचा संच आणि एकच प्रश्नावली वापरण्यास कोणताही कायदा आड येत नाही. दोन राज्यांच्या वन आणि मत्स्य खात्यांनी एवढे जरी ठरविले, तरी आरोंद्याच्या पुलावर संपणारी नोंद पुढे चालू राहील.