मुले बरी झाली, हे ठरवले कोणी?

‘कोरोनाने मुलांना फारसे काही केले नाही’ हे वाक्य २०२० सालापासून इतक्यांदा उच्चारले गेले, की त्याला आता शास्त्रवचनाची प्रतिष्ठा लाभली आहे. मृत्यूंच्या आकड्यापुरते ते बव्हंशी खरेही आहे. परंतु मृत्यू टळला म्हणजे आजार सरला, हे कोणत्या वैद्यकग्रंथात लिहिले आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ मधील सर्वेक्षणात ६ ते ९ वयोगटातील ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटातील ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. मुलांचे लसीकरण तेव्हा सुरूही झाले नव्हते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना हा विषाणू गाठून गेला होता, आणि असंख्य घरांत त्याचा पत्ताही लागला नव्हता.

यातील बहुसंख्य मुले खडखडीत बरी झाली, याबद्दल वाद नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांमधील या रेंगाळणाऱ्या आजाराची स्वतंत्र व्याख्या केली. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासानुसार लहान शाळकरी मुलांत स्मरण व एकाग्रतेच्या तक्रारी, डोकेदुखी, पोटदुखी, झोपमोड ही लक्षणे, तर किशोरवयीनांत थकवा, अंगदुखी, गंध-चव हरपणे ही लक्षणे ठळकपणे दिसली.

वसईच्या किल्ल्याशेजारच्या पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यात अशा मुलाचे काय होत असेल? जेथे जाळे ओढण्यापासून मासळी सुकवण्यापर्यंत सारे अंगमेहनतीवर चालते, तेथे ‘दमलो’ म्हणणारा मुलगा सहजच कामचुकार ठरतो. शाळेत लक्ष लागत नाही, तर ‘मोबाईलने डोके बिघडवले’ हा निकाल तयार असतो. (तो काही प्रमाणात खराही असेल, शाळाबंदीच्या काळात मुलांच्या हाती मोबाईल मोठ्यांनीच दिला!) चिडचिड, भीती, एकलकोंडेपणा याला तर आजार म्हणण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. आणि या आजाराचे वैशिष्ट्य असे, की दमलेल्या मुलाला धाक दाखवून राबवले, तर काहींचा त्रास उलट बळावतो.

चिकुनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे धरतात, हे २००६ च्या साथीपासून महाराष्ट्रातील आजीबाईसुद्धा जाणते. मग कोरोनानंतरचा थकवा तेवढा ‘मनाचा खेळ’ कसा?

आता यातील विटंबना पाहा. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तो याच पालघरमधून. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता यांचे पथक वर्षातून एकदा शासकीय व अनुदानित शाळांत आणि दोनदा अंगणवाड्यांत जाते. जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार, विकासातील विलंब अशा व्याधींची यादी त्यांच्याजवळ असते. ती महामारीपूर्वी आखलेली; तीत या आजाराचा शोध घेणारा प्रश्न नाही. जे विचारलेच जात नाही, ते नोंदले जात नाही. आणि जे नोंदले जात नाही, ते ‘आमच्याकडे नाही’ असे सांगायला यंत्रणा मोकळी राहते!

प्रत्येक थकवा कोरोनाचाच नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. रक्तक्षयानेही मूल दमते. पण म्हणून तर तपासावे! पथक रक्तक्षय पाहतेच. त्याच वेळी ‘पूर्वीइतके खेळवते का, झोप लागते का, वाचलेले लक्षात राहते का, हे केव्हापासून’ एवढे विचारायला कोणती कोट्यवधींची तरतूद लागते? यावर हुकमी औषध नाही, हेही मान्य. तथापि विश्रांतीचे व श्रमाचे माप ठरवून देणे, व्यायामाच्या तासात सवलत देणे आणि मुलाला आळशी न म्हणणे, हे उपचार मुख्याध्यापकांच्या व आईवडिलांच्या हातचे आहेत. मन खचले असल्यास शासनाची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, आईवडील घरी सापडतात आणि शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. पथकाने पाचूबंदरला यायचे, तर तेव्हा यावे.