सुट्टीचे बंगले आणि बिनसुट्टीची माणसे

पावसाळा सरतो, गंगापूर धरण भरलेले असते, त्र्यंबक-इगतपुरीचे डोंगर अजून हिरवे असतात, तोच नाशिकच्या पश्चिमेकडील रस्त्यांवर मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग लागते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा शरदाचा काळ आता व्हिलांचा हंगाम झाला आहे. द्राक्षबागेकडे तोंड केलेला बंगला, पुढ्यात तरणतलाव, हाताशी स्वयंपाकी आणि राखणदार, असा दोन-तीन दिवसांचा थाट भाड्याने मिळतो. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. निवांत खेडे विकण्याच्या या धंद्याला विकास म्हटले जाते. तो कोणाच्या जमिनीवर, पाण्यावर आणि श्रमावर उभा आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समाजवादाचे वैर विश्रांतीशी नाही. रजा हा हक्क आहे, हे जगाला कामगार चळवळीनेच शिकविले. 1936 मध्ये फ्रान्समध्ये संपांची लाट उसळली आणि लिऑन ब्लूम यांच्या सरकारला कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने द्यावी लागली. भारतात 1948 च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा कारखान्यातील कामगाराच्या पदरात टाकली. सातपूर-अंबडचा कामगार बायकामुलांसह चार दिवस डोंगरात राहिला, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. आक्षेप सुट्टीला नाही. सुट्टी ही मूठभरांची मिरास होण्याला आहे.

पाहुण्याचा हा विश्रांतीचा ऋतू द्राक्षबागेत मात्र वर्षातील सर्वांत घाईच्या कामाचा ऋतू असतो. ऑक्टोबर छाटणी याच दिवसांत होते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडील आदिवासी स्त्रीपुरुष घरचा भात कापून होतो न होतो तोच बागायती पट्ट्यात उतरतात. गिरणाऱ्यात मजुरांचा बाजार भरतो. तेथे माणसे उभी राहतात आणि मुकादम निवड करतो. छाटणीपाठोपाठ डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. हे रसायन कातडी पोळते. ते अंगात भिनलेले असताना मद्याचा घोटही माणसाला आजारी पाडतो. व्हिलाच्या गच्चीवर वाईनचा पेला उंचावला जातो, तेव्हा खालच्या बागेतील या हातांची आठवण कोणाला असते? 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने वाईन उद्योगाला उत्पादनशुल्कात माफी दिली. वेलीच्या काड्या वेचणाऱ्या बाईला भरपगारी रजा देणारे धोरण मात्र निघाले नाही.

आता जमिनीचा प्रश्न. 1948 च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्याच्या हाती शेतजमीन जाऊ नये असे बंधन घातले. 1 एप्रिल 1957 रोजी कृषक दिन उगवला आणि कसणारे कूळ मालक ठरले. परंतु जमीन एकदा बिनशेती झाली की कसण्याचा प्रश्नच संपतो आणि कालचा मालक त्याच जागेवर राखणदार म्हणून उभा राहतो. दुसरीकडे, जे पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसतात त्यांना 2006 च्या वनहक्क कायद्यानंतरही पट्ट्यासाठी खेटे घालावे लागले. म्हणूनच 6 मार्च 2018 रोजी नाशिकहून हजारो शेतकरी पायी निघाले आणि कसारा घाट उतरून 12 मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचले. परीक्षार्थी मुलांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीत चालून संपविला. मुंबईकराला दर शनिवारी सुखाने ओलांडता येणारा घाट या माणसांना आपल्याच जमिनीसाठी फोड आलेल्या पायांनी उतरावा लागला.

पाण्याचीही तीच कथा आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने ऑक्टोबरच्या मध्याला नाशिक-नगरच्या धरणांचे पाणी मोजून जायकवाडीचा वाटा ठरविण्याची पद्धत घातली. नाशिकचा बागाईतदार आणि मराठवाड्याचा शेतकरी त्यावरून एकमेकांसमोर उभे केले जातात. धोधो पावसाच्या इगतपुरी-त्र्यंबक भागात उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन रान तुडवितात. अशा मुलखात तरणतलाव कोणत्या पाण्याने भरतात, हा हिशेब ग्रामसभेपुढे आलाच पाहिजे.

व्हिलांमुळे गावाला रोजगार मिळतो, असा युक्तिवाद केला जातो. रोजगार मिळतो, हे खरे, पण कसला? जमिनीच्या धन्याला झाडूवाला करणारा. 2020 चे कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याला जोडधंदा मिळावा म्हणून आले. शेतकऱ्याने आपल्या घरी पाहुणा ठेवावा, आपली भाकरी त्याला वाढावी आणि पैसा आपल्या घरात राहावा, यात वावगे काहीच नाही. शहरातील भांडवलाने शेत गिळून त्यावर 'ग्रामीण' पाटी लावणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंतील भेद पुसू देता कामा नये.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पर्यटकाच्या मोटारीवर राग काढून उपयोग नाही. गावोगाव मागण्या नेल्या पाहिजेत. शेतमजुराला भरपगारी साप्ताहिक सुट्टी व वार्षिक रजा मिळावी. विषारी रसायन हाताळणाऱ्याला हातमोजे व औषधोपचार मालकाच्या खर्चाने मिळावेत. ग्रामसभेच्या संमतीवाचून शेतजमीन बिनशेती होऊ नये. गावाच्या पिण्याच्या पाण्याची सोय झाल्यावाचून तरणतलावाला परवानगी मिळू नये. कामगार संघटना व सहकारी संस्था यांनी साध्या भाड्याची विश्रामधामे उभारावीत. शरदाचे चांदणे कोणाच्या खरेदीखतात लिहिलेले नाही. ज्या दिवशी गिरणाऱ्याच्या बाजारात उभी राहणारी बाई मजुरी न बुडविता ते निवांत पाहू शकेल, त्या दिवशीच सुट्टी हा हक्क झाला असे म्हणता येईल. तोवर ती लूटच होय.