ते लोक कुठेही ‘गायब’ झाले नाहीत

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात मेसा व्हर्डे नॅशनल पार्क आहे. ड्युरँगोहून सकाळी निघालेला माणूस दिवसभरात तिथली कड्याच्या पोटातली घरं पाहून परत येऊ शकतो. ‘इथे एक प्रगत जमात राहत होती आणि एके दिवशी गूढपणे नाहीशी झाली’ ही कहाणी मात्र बहुतेक जण घरून निघतानाच ऐकून आलेले असतात. ती खोटी आहे, आणि आता तरी ती सांगणं थांबायला हवं.

क्लिफ पॅलेससमोर उभं राहिलं की गूढापेक्षा अक्कलहुशारी जास्त दिसते. सुमारे १५० खोल्या आणि २३ कीवा, म्हणजे जमिनीत खोदलेल्या गोल धार्मिक खोल्या, एकाच कपारीत बसवल्या आहेत. वालुकाश्माचे घडीव दगड, मातीचा गिलावा, लाकडी तुळया. कीवात ताजी हवा खाली यावी म्हणून झरोका, आणि वाऱ्याचा झोत थेट चुलीवर येऊ नये म्हणून मध्ये छोटी आडभिंत! मका, घेवडा आणि भोपळा पिकायचा तो वर पठारावर. शेतावर जायचं तर कड्यात कोरलेल्या खोबणींत हातपाय रोवून चढायचं.

ही वस्ती मुख्यतः तेराव्या शतकातली. तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून बांधकामाची वर्षं ठरवता आली. त्याच वर्तुळांनी १२७६ ते १२९९ या काळातला भीषण दुष्काळही दाखवला. पिकं गेली, ताणतणाव वाढले आणि लोक दक्षिणेकडे निघाले. आजचे होपी, झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदेकाठचे प्वेब्लो हे त्यांचेच वंशज. पाणी आटल्यावर गाव सोडणाऱ्यांना कुणी गूढ म्हणत नाही. मग यांनाच का?

या कहाणीने प्रत्यक्ष नुकसान केलं आहे. डिसेंबर १८८८ मध्ये रिचर्ड वेदरिल या गुरं राखणाऱ्याने क्लिफ पॅलेस ‘शोधला’, असं सांगितलं जातं. पण तिथल्या यूट लोकांना ही घरं आधीपासून माहीत होती. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डनशल्ड या तरुण स्वीडिश संशोधकाने उत्खनन करून भांडी, वस्तू आणि मानवी अवशेष आगगाडीत चढवले. ड्युरँगोत त्याला अटक झाली, पण अडवणारा कायदाच नव्हता. वारस नाहीत असं गृहीत धरलं की थडगंसुद्धा बेवारस मालमत्ता ठरतं. तो संग्रह पुढे फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचला. त्यातले सुमारे २० जणांचे अवशेष आणि थडग्यांतल्या २८ वस्तू २०२० मध्ये परत आल्या, आणि वंशजांनी त्यांचं मेसा व्हर्डेतच पुन्हा दफन केलं.

तिथे संरक्षणाचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. क्लिफ पॅलेसमध्ये रेंजरशिवाय पाऊल टाकता येत नाही. कपारीतून दगड कोसळण्याच्या धोक्यामुळे स्प्रूस ट्री हाऊस ही तिथलीच दुसरी वस्ती २०१५ पासून बंद आहे; लांबून आलेल्यांचा हिरमोड होतो, तरीही तो निर्णय योग्यच आहे.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांच्या सहलीतही हे ठिकाण असतं. सवड असेल तर त्यांनी पुढे न्यू मेक्सिकोत जावं. अल्बुकर्कला १९ प्वेब्लो समाजांनी मिळून चालवलेलं सांस्कृतिक केंद्र आहे. अकोमाच्या उंच टेकाडावर तर त्यांचं जुनं गाव अजून नांदतं आहे, आणि पाहुण्यांना ते दाखवायला तिथलेच वाटाडे सोबत येतात.