ओसाड गिरणीचा नवा आराखडा

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांस गुरुजन कधीं कधीं असा पाठ देतात, कीं बंद पडलेल्या एखाद्या कारखान्याची जागा फिरून पाहावी व तेथें काय उभारतां येईल तें नकाशांत दाखवावें. खानदेशांतील विद्यार्थ्यास अशा जागेसाठीं दूर जावें लागत नाहीं. जळगांवची खानदेश मिल व धुळ्याची न्यू प्रताप मिल यांचे भोंगे थांबून वर्षें लोटलीं. खानदेश मिलच्या आवाराचें तर रूपही पालटून गेलें आहे. ज्यांच्या घरीं असा विद्यार्थी असेल, त्या वडीलधाऱ्यांनीं त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे, असें आम्हांस वाटतें.

पहिला प्रश्न, जुनी इमारत तशी कां बांधली? विणकामाच्या खात्याचें छप्पर पुष्कळदां करवतीच्या दातांसारखें असे व त्याच्या कांचा उत्तरेकडे असत. त्यामुळें ऊन थेट आंत न येतां दिवसभर सारखा उजेड पडे व तुटलेला धागा कामगारास चटकन् दिसे. ज्या छपराखालीं बारीक सूत दिसत होतें, तेथें पुस्तकाचीं अक्षरें दिसणार नाहींत काय? ग्रंथालयास याहून चांगलें छप्पर नवें बांधूनही मिळणें कठीण.

दुसरा प्रश्न, जमिनीच्या पोटांत काय आहे? यंत्रांचें तेल, रंगांचे अंश व कोळशाची राख वर्षानुवर्षें मातींत मुरते. जर्मनींतील डुइसबुर्ग येथील लोखंडाचा कारखाना १९८५ मध्यें बंद पडला. पेटर लाट्स यांनीं त्याच्या भट्ट्या उभ्या ठेवूनच तेथें विस्तीर्ण उद्यान रचलें. परंतु अतिदूषित माती त्यांना बंदिस्त करून ठेवावी लागली. माती तपासल्यावांचून मुलांचें क्रीडांगण आंखणें हें धाडस होय.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: जागेवर हक्क कोणाचा? अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१-६५) जळगांव कापसाची मोठी पेठ झाली. पुढें गिरण्या निघाल्या त्या रेल्वेच्या सोयीनें. म्हणून त्यांच्या जमिनी आज भर शहरांत आल्या आहेत व मोलाच्या ठरल्या आहेत. अशा जमिनीचें काय होतें, तें मुंबईनें दाखविलें आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर तेथील अनेक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या नियमानें त्यांची जमीन सुमारें तीन वांट्यांत विभागावयाची होती: मोकळी जागा, सर्वसामान्यांचीं घरें आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीनें ही विभागणी केवळ बांधकाम नसलेल्या भागापुरती उरली. २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. उद्यानांच्या व घरांच्या वांट्यास मग थोडेंच आलें.

हा केवळ विद्यार्थ्यांचा पाठ नव्हे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणें शहराचा आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार नागरिकांस आहे. सुशिक्षित कुटुंबें तो क्वचितच वापरतात आणि बांधकाम उभें राहिल्यावर हळहळतात. ज्यांनीं त्या खात्यांत आयुष्य वेंचलें, त्यांच्या नातवंडांस तेथें निदान बसण्यापुरती सावली मिळावी, एवढें लिहून देण्यास एक कागद पुरतो. तो मुदतींत द्यावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.