हाडे सापडली, अभ्यासक कुठे?

केनियातील तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, १९८४ साली कामोया किमेउ यांना हाडाचा एक लहानसा तुकडा दिसला. तिथे खोदकाम झाले आणि सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा हाती आला. ‘तुर्काना बॉय’ म्हणून तो आज जगाला माहीत आहे. पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये त्यावर शोधनिबंध आला. त्यावर चार लेखकांची नावे होती. किमेउ यांचे नव्हते. दगडगोट्यांतून नेमके हाड ओळखण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते, पण त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिकपुरतेच झाले होते.

हा दोष एखाद्या माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. जीवाश्म सापडतो तेव्हा काम संपत नाही, सुरू होते. खडकाच्या थरावरून त्याचे वय ठरवायचे, सीटी स्कॅनने आतली रचना पाहायची, इतर संग्रहांतील हाडांशी ताडून पाहायचे. हे शिकवणारी विद्यापीठे बहुतांशी युरोप-अमेरिकेत आणि जीवाश्म आफ्रिकेत, अशी ही वाटणी आहे. तिथले शुल्क आणि राहण्याचा खर्च नैरोबी किंवा अदिस अबाबातील सामान्य घरातल्या विद्यार्थ्याला पेलणारा नाही.

ही दरी बुजवण्यासाठीच काही विद्यावृत्त्या आहेत. अमेरिकेतील लीकी फाउंडेशनची बाल्डविन विद्यावृत्ती विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांना मानवाच्या उगमाशी संबंधित विषयांत परदेशी उच्च शिक्षण घेण्यासाठी मदत करते. शिकून मायदेशी परतून काम करण्याचा इरादा असावा, ही तिची अपेक्षा. वेनर-ग्रेन फाउंडेशनची वॉड्सवर्थ विद्यावृत्तीही मानववंशशास्त्रात अशाच गरजेतून आली.

शिक्षणाची संधी मिळाली की काय घडते, हे इथिओपियाने दाखवले आहे. १९७४ साली हडार येथे ‘ल्युसी’ सापडली, ती परदेशी संशोधकांच्या मोहिमेत. पुढे बर्कलेहून डॉक्टरेट घेतलेले बेरहाने अस्फॉ मायदेशी परतले. १९९९ साली ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस गार्ही’ ही नवी प्रजाती जाहीर करणाऱ्या निबंधावर पहिले नाव त्यांचे होते. पॅरिसमध्ये शिकलेल्या झेरेसेनाय अलेमसेगेद यांच्या पथकाला २००० साली डिकिका येथे ३३ लाख वर्षांपूर्वीच्या बालिकेचा सांगाडा मिळाला. हाडांना चिकटलेला वालुकाश्म कणाकणाने काढण्यात वर्षे गेली आणि २००६ साली ‘सेलाम’ जगासमोर आली. जमीन तीच होती. प्रश्न विचारणारे बदलले होते.

मात्र विद्यावृत्ती म्हणजे अर्धाच रस्ता. परतलेल्या तरुणाला नोकरी, प्रयोगशाळा आणि मोहिमेसाठी निधी मिळाला नाही, तर मायदेशी येण्याची अट कागदावर राहते. देणाऱ्या संस्थांनी पदवीनंतरची पहिली काही वर्षेही हिशेबात धरावीत आणि त्या-त्या सरकारांनी संग्रहालयांत व विद्यापीठांत कायम पदे निर्माण करावीत. दोन्ही बाजूंनी हात लागल्याशिवाय हा गाडा हलणार नाही.

आपल्यालाही हे लागू आहे. मध्य प्रदेशातील हथनोरा येथे १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना नर्मदेच्या गाळात प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. देशात अश्मयुगीन हत्यारे मुबलक आहेत, पण इतकी जुनी मानवी हाडे अत्यंत दुर्मीळ. ती शोधणारे आणि वाचणारे तरुण घडवायचे, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या, प्रागितिहासाची परंपरा असलेल्या संस्थांना बळ द्यावे लागेल. परदेशी विद्यावृत्तीचा लाभ जरूर घ्यावा. पण शिकून आलेल्याला बसायला घरात जागा हवी. ती करणे आपल्याच हाती आहे.