चांगला मोबाइल कोणता?

"चांगला मोबाइल कोणता?" हा प्रश्न नवापूरच्या बाजारात कोणालाही विचारा. उत्तर मिळाल्यावाचून राहणार नाही. भाजीवाल्याचे मत तयार असते, रिक्षावाल्याचे असते आणि नववीतल्या मुलाचे तर असतेच असते. एक म्हणतो, कॅमेरा पाहा. दुसरा म्हणतो, बॅटरी पाहा. तिसरा सांगतो, "आमच्या मामूंनी सुरतेहून आणला आहे, तोच घ्या." गंमत अशी की, यांतल्या पुष्कळांनी आजवर दोनच मोबाइल वापरलेले असतात, आणि त्यांतलाही एक मोठ्या भावाने वापरून टाकलेला असतो. दोन आंबे चाखून आंब्याच्या सगळ्या जातींचा निकाल लावावा, तसेच हे झाले.

मत असण्यात वाईट काही नाही. मोबाइल घेताना कित्येक घरांत कर्त्या माणसाची महिन्या-दोन महिन्यांची कमाई खर्ची पडते. तेव्हा त्यावर बोलले पाहिजे, वादही घातला पाहिजे. परंतु आपले मत आले कुठून, हे आपण क्वचितच पाहतो. ते वापरातून आले, की जाहिरातीतून? की वस्तू हातात पडली तेव्हाच ते तिच्यासोबत आले?

शेवटचा प्रश्न तुम्हांला विचित्र वाटेल. म्हणून ब्राउझरचे उदाहरण घेऊ. इंटरनेटवरील पाने उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ब्राउझर म्हणतात. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी 'नेटस्केप' नावाचा ब्राउझर जगभर लोकप्रिय होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'इंटरनेट एक्स्प्लोरर' आणला आणि पुढे तो विंडोजबरोबर संगणकात घालूनच देण्यास सुरुवात केली. घरात आयते जेवण वाढलेले असताना बाहेर खाणावळ शोधायला कोण जाणार? काही वर्षांतच नेटस्केप मागे पडला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला आणि कंपनीने स्पर्धेचा कायदा मोडला, असे न्यायालयाने २००० मध्ये ठरवले. आपल्याकडेही कितीतरी सरकारी संकेतस्थळांवर 'हे पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसेल' अशी सूचना असे. तोच एक्स्प्लोरर कंपनीने जून २०२२ मध्ये निवृत्त केला. त्याच्यासाठी हिरिरीने भांडणारे लोक आज कुठे आहेत?

आता तुमच्यापैकी कोणालाही विचारले तर तो 'क्रोम' हे नाव सांगेल. क्रोम २००८ मध्ये आला. तो वेगवान आहे, यात शंका नाही. पण बहुतेकांनी तो निवडलेला नाही. अँड्रॉइड मोबाइल विकत घेतला तेव्हा तो आत होताच. याच प्रकारच्या सक्तीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना गूगलची सॉफ्टवेअरे एकत्रच घालावी लागतात, हा त्यातला एक मुख्य आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपिलात आयोगाचे काही आदेश रद्द झाले, दंड मात्र कायम राहिला. म्हणून कोणी "मला क्रोमच आवडतो" असे म्हणाले, तर मी त्याला एवढेच विचारतो, "बेटा, दुसरा कोणता वापरून पाहिलास?" २००४ पासून 'फायरफॉक्स' आहे, तो फुकट मिळतो, आणि त्याच्यामागे नफा न कमावणारी संस्था आहे. तो आठवडाभर वापरावा. मग क्रोम आवडला तर खुशाल क्रोम वापरावा. ते मत तुमचे स्वतःचे असेल.

मला स्वतःला मोबाइलची पारख करायची झाली, तर मी कॅमेऱ्यापासून सुरुवात करणार नाही. मी त्यावर लिहून पाहीन. तुम्ही उर्दू माध्यमाची मुले आहात. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता, मराठी डावीकडून उजवीकडे लिहिता, वर इंग्रजी आहेच. ज्या यंत्राला या तिन्ही लिपी नीट लिहिता येत नाहीत, ते यंत्र दुसऱ्या कोणासाठी कितीही उत्तम असो, तुमच्यासाठी अर्धेच आहे.

उर्दूची अडचण तर फार जुनी आहे. आपली नस्तालीक लिपी वरून खाली उतरत येते, आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षराचे रूप बदलते. ती खिळ्यांनी छापणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कातिब मंडळी रोज हाताने लिहीत आणि ती पाने शिळाछापावर छापली जात. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ साली निघालेले वर्तमानपत्र तर संगणक आल्यावरही कित्येक वर्षे हातानेच लिहिले जात होते. हा प्रश्न सोडवला तो मिर्झा अहमद जमील यांनी. दिल्लीत जन्मलेले आणि पाकिस्तानात स्थायिक झालेले हे गृहस्थ नामांकित खुशनवीस होते. त्यांनी शब्दांचे हजारो जोड-आकार हाताने काढून दिले. ते यंत्रात भरण्यात आले, आणि 'नूरी नस्तालीक' जन्माला आली. १९८१ मध्ये लाहोरचे 'जंग' हे वर्तमानपत्र तिच्यात छापून निघू लागले. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आणले. तेव्हापासून लग्नपत्रिकेपासून पाठ्यपुस्तकापर्यंत उर्दूची छपाई साध्या संगणकावर होऊ लागली.

पण एक गोम राहिली. इनपेजमध्ये लिहिलेले पान इनपेज नसलेल्या संगणकावर उघडत नसे. मराठीचे दुखणे निराळे नव्हते. पुण्यात तयार झालेली 'श्रीलिपी' एकीकडे, 'कृतिदेव' दुसरीकडे. एका कार्यालयात सुबक टंकलेला अर्ज दुसऱ्या कार्यालयात उघडला की पडद्यावर कावळ्या-चिमण्यांचे पाय उमटत. (जाता जाता सांगतो, 'अर्ज', 'मजकूर', 'मसुदा', 'तारीख' हे कचेरीतले शब्द मराठीने अरबी-फारसीतूनच घेतले आहेत. तुम्हांला ते वेगळे पाठ करण्याची गरज नाही.) यावर खरा इलाज झाला तो युनिकोडचा. १९९१ मध्ये आलेल्या या पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक असतो. 'क'चा क्रमांक २३२५, मराठीच्या 'ळ'चा २३५५, अलिफचा १५७५ आणि ज्यावर छोटी 'तोय' बसते त्या उर्दूच्या 'टे'चा १६५७. क्रमांक ठरला की मोबाइल कोणत्याही कंपनीचा असो, अक्षर तेच राहते. आज तुम्ही उर्दूत पाठवलेला निरोप आजोबांच्या मोबाइलवर जसाच्या तसा वाचता येतो, तो याच सोयीमुळे.

अक्षर तेच राहिले, तरी रूप तेच राहील असे नाही. पुष्कळ दिवस मोबाइलवर उर्दू दिसे ती नस्ख वळणात, म्हणजे अरबीच्या छापील अक्षरांसारखी सपाट. वाचता येई, पण आपली वाटत नसे. गूगलने २०१४ मध्ये नस्तालीक वळणाची अक्षरे सर्वांना फुकट दिली. ॲपलच्या महागड्या फोनमध्ये ती यायला २०१७ साल उजाडले. म्हणजे कित्येक वर्षे जगातला सर्वांत मिरवला जाणारा फोन उर्दू वाचणाऱ्यासाठी सर्वोत्तम नव्हता. किमतीवरून मत बनवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा दुकानात गेलात की एक साधी परीक्षा घ्या. मराठीत 'ऱ्हास', 'दुसऱ्याला' आणि 'काळोख' हे तीन शब्द लिहा. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मध्ये आडवा र नीट येतो का, ते पाहा. 'ळ' शोधायला किती वेळ लागतो, तेही पाहा. मग उर्दूत दो-चश्मी हे आणि बडी ये असलेले एक वाक्य लिहा. दुकानदार जरा विचित्र नजरेने पाहील, पण या परीक्षेला पैसे पडत नाहीत.

हे सगळे अक्षरांचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर तुमच्या नावात आहे. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा एका गोष्टीत देशात पहिला आहे. देशातले पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आले. त्या दिवसापासून आपली ओळख यंत्रात गेली. यंत्राला माणूस दिसत नाही, अक्षरे दिसतात. 'शेख' हे मराठीत सरळ दोन अक्षरांचे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. 'जुल्फिकार' या नावाचे तर विचारूच नका. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय अशी चार अक्षरे आहेत. आपण एका नावात त्यांतले एकच लिहितो आणि चूक होत नाही. मराठीत त्या चौघांसाठी कोणी 'ज' लिहितो, कोणी 'झ' लिहितो. त्यात आधार केंद्रावर इंग्रजीत टंकलेले नाव सॉफ्टवेअर आपोआप मराठीत करते. शाळेच्या दाखल्यावर 'जुल्फिकार', आधारवर 'झुलफिकर', बँकेत तिसरेच काही! पूर्वी कारकून चष्मा वर करून पाहत असे आणि म्हणत असे, "अरे, हा तर आपल्या अमक्याचा मुलगा." यंत्र असे म्हणत नाही. २०२४ मध्ये शाळाशाळांतून विद्यार्थ्यांचे 'अपार' क्रमांक काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा शाळेतले नाव आणि आधारवरचे नाव जुळणे आवश्यक होते. ज्यांचे जुळले नाही, त्यांच्या पालकांना दिवसभराची मजुरी बुडवून रांगेत उभे राहावे लागले. शिष्यवृत्तीच्या अर्जाचेही तसेच आहे.

येथे दोष कोणाचा? मुलाचा नाही, हे नक्की. माझ्या मते तो बराचसा सॉफ्टवेअरचा आहे. ज्या देशात एक नाव तीन लिपींत लिहिले जाते, तेथे ते तिन्ही लिपींत माणसाला विचारूनच नोंदवले पाहिजे. एका लिपीवरून दुसरी अंदाजाने भरणे ही सोय करणाऱ्याची सोय आहे, नाव असणाऱ्याची नव्हे. तोवर आपल्या हातात एवढेच आहे की, नोंद करताना समोरच्या पडद्यावरच्या दोन्ही ओळी वाचायच्या आणि चूक असेल तर तेथेच सांगायचे. घरात मराठी वाचणारे तुम्हीच असाल, तर अम्मी-अब्बांबरोबर तुम्हीच जा. आधारवरचे नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते. तेव्हा बुजून गप्प राहू नका.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरांविषयी थोडे सांगतो. "फुकट आहे, घ्या की!" हेही बाजारातले एक लाडके मत आहे. अमेरिकेत मोबाइलला विजेरी बनवणारे एक ॲप कोट्यवधी लोकांनी घेतले होते. ते वापरणारा माणूस कोठे आहे ही माहिती जाहिरातवाल्यांकडे पाठवत असे, असे तेथील व्यापार आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये उघड केले. उजेड पाडणाऱ्या दिव्याला तुमचा पत्ता कशाला हवा? ॲप घेताना ते काय काय मागते, ते वाचत चला.

बॅटरी, वजन, पडदा यांवर मी काही लिहीत नाही. ते तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक कळते. फक्त पक्की पावती घेत जा. सुरतेहून आणलेल्या मोबाइलची पावती नसेल, तर तक्रार करायला तोंड उरत नाही. पावती असेल, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि मागे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे.

आपल्या गावाचे रेल्वे स्थानक तुम्ही पाहिलेलेच आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिकीट या राज्यात काढायचे आणि स्टेशनमास्तर त्या राज्यात! तेथे गाडीची सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत दिली जाते. प्रवाशाला कळावे म्हणून यंत्राला कोणीतरी चार भाषा शिकवल्या. मोबाइललाही त्या शिकवाव्या लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोललेले ऐकून लिहिण्याची सोय आठ भारतीय भाषांना एकदम दिली. त्यांत मराठी होती, गुजराती होती आणि उर्दूही होती. त्या दिवशी तुमच्या घरातल्या, लिहिता न येणाऱ्या नानींनाही मोबाइल आपला झाला.

पण आपल्या तालुक्यातल्या बाजारात जी भाषा सर्वांत जास्त कानावर पडते, ती मावची, त्या आठांत नव्हती. आठवडे बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईला "चांगला मोबाइल कोणता?" असे अजून कोणी विचारलेले नाही. तुमच्यातल्या कोणी पुढे सॉफ्टवेअर बनवायला शिकलेच, तर तिला जाऊन विचारा. तिचे मत तिच्या भाषेत ऐकावे लागेल.