तळमजल्याचा गाळा आणि आयुष्याची पुंजी

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली, मुले खाऊ घेऊन पळाली आणि वस्तीतले एक वडीलधारे आमच्याजवळ येऊन बसले. रेल्वेच्या कारखान्यात उभी हयात काढून नुकतेच निवृत्त झालेले. नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एकट्या त्यांची नाही. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला रंगीत कागद काढला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही बी.कॉम. शिकलेले. जरा हे वाचा." नालासोपारा पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर दुकानाचा गाळा. क्षेत्र ३०० फूट, किंमत २५ लाख, आणि खाली ठळक अक्षरांत 'हमखास भाडे'. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हाती आलेली रक्कम जवळजवळ तेवढीच. थोरला मुलगा बेकार आहे. तो मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकील, नाही चालले तर भाडे कुठे गेले नाही, असा काकांचा हिशेब.

या इच्छेला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्यांच्या आजोबांना दुकानाच्या पायरीवर चढू देत नव्हते, लांबूनच पदरात माल टाकत होते, त्यांच्या नातवाने सकाळी स्वतःच्या दुकानाचे शटर वर करावे, यापेक्षा चांगले काय असणार? पण बंधू-भगिनींनो, शटर वर करण्यापूर्वी त्या शटरवरची इमारत कायद्याने उभी आहे की नुसती सिमेंटवर उभी आहे, हे पाहिले पाहिजे. आणि वसई-विरारमध्ये तर हे दोनदा पाहिले पाहिजे.

असे का म्हणतो, ते इथल्या जुन्या रहिवाशांना सांगायला नको. १९९० मध्ये सरकारने या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे दिले, २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे एकत्र करून महानगरपालिका झाली. कार्यालये बदलली, पाट्या बदलल्या, पण शेतात, सरकारी जागेत, आदिवासींच्या जमिनीत, आरक्षणाच्या भूखंडावर एका रात्रीत जोते आणि महिन्याभरात मजला चढण्याचा धंदा काही थांबला नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतील ४१ इमारतींचे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दाद मिळाली नाही, आणि नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या सगळ्या भुईसपाट झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे. ऐन परीक्षेच्या तोंडावर मुले दप्तरांसह रस्त्यावर. ज्यांनी पैसे घेतले ते केव्हाच निघून गेले होते.

त्यानंतर २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. १७ माणसे गेली. ती इमारतही अनधिकृत होती, आणि वय जेमतेम तेरा वर्षे. त्या नावाने आमच्या काळजाचा ठोका कसा चुकला, ते वाचकांना वेगळे सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे राहत्या घरांचे झाले, दुकानाचा काय संबंध? अहो, वरचे घर जाते तेव्हा खालचा गाळा काय हवेत राहतो? उलट गाळेवाल्याचे दुहेरी नुकसान. जागा जाते आणि रोजचे गिऱ्हाईकही जाते. वालीव, सातिवली, गोखिवरे भागात कारखान्यांचे गाळे आहेत. त्यांत आपलीच मुले-मुली कामाला जातात. बेकायदा गाळ्याला टाळे लागले तर मालकाचे भाडे बुडते, पण कामगाराची चूल त्याच संध्याकाळी थंड होते.

काकांबरोबर आम्ही गाळा पाहायला गेलो. इमारत दोन-तीन वर्षांची, रंग छान, तीन दुकाने चालू. एजंट मोठा गोड. आम्ही भोगवटा प्रमाणपत्र मागितले, म्हणजे ज्याला सगळे ओसी म्हणतात तो महापालिकेचा कागद. तर तो म्हणाला, "साहेब, ओसी कोणाकडे असते इथे? हे बघा, घरपट्टीचे बिल आहे, लाइटचे बिल आहे. ॲग्रीमेंट रजिस्टर करून देतो. अजून काय पाहिजे?"

वाचकहो, इथेच आमची माणसे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरपट्टीचे बिल म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामावरही कर लावता येतो, वर दंडही लावता येतो, आणि कर घेतला म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजायचे नाही, हे त्याच कलमात लिहिले आहे. त्या दंडाला बिलात 'शास्ती' म्हणतात. आम्ही कारकुनी करणारे, बिल दिसले की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड. शेजारच्या दुकानाच्या बिलात शास्तीच्या रकान्यात आकडा होता. म्हणजे जे बिल एजंट पुरावा म्हणून नाचवत होता, तेच सांगत होते की इमारत बेकायदा आहे! (रकाना कोरा असला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. कोरा रकाना काहीच सिद्ध करत नाही.) लाइटच्या बिलाने एवढेच कळते की मीटर कोणाच्या नावावर आहे. आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला म्हणजे तुमच्यात आणि विकणाऱ्यात व्यवहार झाला याची नोंद झाली. इमारत कायदेशीर आहे असा शिक्का तिथे कोणी मारत नाही. नोटरीच्या कागदाबद्दल तर बोलायलाच नको.

एजंटाने आणखी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, 'दुकानाला रेरा लागत नाही'. साफ खोटे. २०१६ च्या या कायद्यात दुकान, ऑफिस, गोदाम सगळे धरले आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा गाळे-सदनिका मिळून आठपर्यंतच असतील, तर नोंदणीतून सूट आहे. त्या सूटीचा फायदा घेऊन कोणी लहान लहान तुकडे पाडतो, ते वेगळे. नोंदणी असलेला बिल्डर करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. काकांच्या रंगीत कागदावर तो चौकोन नव्हता. असता तरी नातवाच्या मोबाइलवर उघडून पाहायचा की खरोखर महारेराच्याच संकेतस्थळावर जातो का. २०२३ मध्ये विरार पोलिसांनी पन्नासहून अधिक इमारतींचे बनावट परवानग्यांचे प्रकरण उघडकीस आणले, त्यात शिक्केसुद्धा खोटे होते.

दुसरी, 'ताबा तयार आहे, जीएसटी लागणार नाही'. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या गाळ्याच्या विक्रीला जीएसटी लागत नाही, हे बरोबर. पण इथे प्रमाणपत्रच नाही. मग कर नाही तो कशामुळे? पावती द्यायची नाही म्हणून? या प्रश्नावर त्याने चहा मागवला.

तिसरी, 'काकूंच्या नावावर घ्या, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत'. महिलांची ती सवलत राहत्या घरासाठी आहे, दुकानाला नाही.

मग आम्ही पिशवीतून टेप काढला. कागदावर ३०० फूट, भिंतीच्या आत भरले १७८. बाकीचे फूट जिन्यात, भिंतीत आणि बिल्डरच्या खिशात. रेरात किंमत आतल्या वापराच्या क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर सांगायची असते.

संध्याकाळी काकांच्या घरी वहीवर हिशेब मांडला. त्या रस्त्यावर तशा गाळ्याला भाडे १० हजार मिळते, हे शेजारच्या दुकानदाराने सांगितले होते. भाडेकरू बदलताना महिनाभर गाळा रिकामा राहणार, म्हणून अकरा महिने धरले. १ लाख १० हजार. त्यातून दुकानाच्या दराने मालमत्ता कर, सोसायटीचा खर्च, रंगरंगोटी मिळून आम्ही २५ हजार वजा धरले. राहिले ८५ हजार. पंचवीस लाखांवर साडेतीन टक्केसुद्धा नाही! पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर २०२५ साली ८.२ टक्के होता आणि ३० लाखांपर्यंत ठेवता येत होते. त्या दराने पंचवीस लाखांवर वर्षाला २ लाख ५ हजार, म्हणजे दर तिमाहीस ५१ हजार २५०. व्याजावर आयकर आहे, पण भाड्यावरही आहेच. काकू इतका वेळ भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मग ते हमखास म्हणतात ते कुठलं?"

ते हमखास कुठलेच नाही, काकू. पुष्कळ ठिकाणी सुरुवातीचे वर्ष-दोन वर्षे जे भाडे म्हणून मिळते, ते तुमच्याच किमतीत आधी वाढवून घेतलेले असते. शिवाय दुकानदारीही बदलली. आमच्याच चाळीत साबणापासून चपलेपर्यंत सगळे मोबाइलवरून घरपोच येते. कोपऱ्यावरच्या दुकानाला गिऱ्हाईक राहील ते दुरुस्तीचे, शिवणाचे, दळणाचे, औषधाचे, चहा-वड्याचे, म्हणजे जे मोबाइलवरून होत नाही त्याचे. मुलाच्या हातात मोबाइल दुरुस्तीची कला आहे, ही जमेची बाजू. पण त्यासाठी गाळा विकत घ्यावा लागतो का? अकरा महिन्यांच्या भाडेकराराने आधी चालवून पाहावे. करार नोंदवूनच घ्यावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदवून घेण्याची जबाबदारी जागामालकाची आहे, आणि नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

एजंट निघताना म्हणाला होता, "इतकी वर्षे कोणी काही केले नाही, पुढेही करणार नाही." त्याला मेरठचे उदाहरण सांगायचे राहून गेले. उत्तर प्रदेशातील त्या शहरात शास्त्रीनगरमध्ये राहत्या घराच्या भूखंडावर दुकाने बांधली होती आणि वर्षानुवर्षे चालू होती. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कितीही वर्षे गेली, कितीही पैसा घातला, अधिकारी कितीही गप्प बसले, तरी बेकायदा ते बेकायदाच. शिवाय देशभरासाठी सांगितले की भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज-पाणी जोडावे, बँकांनी ते पाहूनच कर्ज द्यावे आणि अनधिकृत इमारतीत धंद्याचा परवाना देऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती दुकाने पाडली गेली. म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेने एखाद्या गाळ्यावर कर्ज नाकारले तर मॅनेजरवर रागावू नका. वकिलाने हजारो रुपये घेऊन दिला असता तो सल्ला त्याने फुकट दिला आहे.

काका दोन दिवस गप्प होते. गाळ्याचा मोह सुटला नव्हता, आणि आम्हीही त्यांना 'घेऊ नका' असे म्हटले नाही. पैसा त्यांचा, घाम त्यांचा. बुधवारी ते आपणहून आले. आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला: सदर सर्व्हे नंबरवरील सदर इमारतीस दिलेल्या बांधकाम परवानगीची व भोगवटा प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत मिळावी, तसेच या इमारतीस अनधिकृत बांधकामाची नोटीस बजावली आहे काय, असल्यास तिची प्रत मिळावी. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून काकांनी स्वतः सही केली आणि महापालिकेत देऊन पोच घेतली. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. तोवर टोकनचे पैसे द्यायचे नाहीत, असे त्यांनी एजंटला फोनवर सांगितले. त्यानंतर एजंटाचा फोन आलेला नाही.

अर्जाच्या नमुन्याच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. ज्यांना गाळा किंवा घर घ्यायचे आहे त्यांनी जागेचा सर्व्हे नंबर घेऊन रविवारी वंदनेनंतर यावे. वाचता-लिहिता येत नसेल तरी संकोच करू नये, आम्ही लिहून देऊ.